ऊसतोडीच्या घरातली पळणारी पोरगी आणि सरकारी मदत: एक प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी सातवीत असताना तालुक्याच्या शालेय स्पर्धेत ६०० मीटरला पहिली आली, आणि तिथून दहावीपर्यंत तिचं काय काय झालं ते मी जवळून बघितलंय. तिचे फॉर्म भरलेत, ऑफिसला चकरा मारल्यात, म्हणून सविस्तर लिहितोय. मी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शेजारच्या तालुक्यात शाळेवर आहे. मुलीचं, गावाचं, शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, लेकरू अजून लहान आहे.

मला जे दिसलं ते आधीच सांगतो. या पोरीला पळतं ठेवणाऱ्या सरकारी योजना जवळपास सगळ्या खेळाच्या बाहेरच्या निघाल्या. हंगामी वसतिगृह, शाळेतलं जेवण, लोहाच्या गोळ्या, एसटीचं अर्ध तिकीट. खेळाच्या नावाने जो पैसा येतो तो एकतर बांधकामात जातो नाहीतर पदक आल्यावर मिळतो, मधली तीन-चार वर्षं पोराला रोज पळवायला, त्याचं दुखलं खुपलं बघायला जो माणूस लागतो त्याच्यासाठी तालुक्यात कुणाकडेच पैसा नाही.

आता घरची परिस्थिती. आईबाप दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, ती घरात, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात संपते, मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती थेट सांगली कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात, परत येणार मार्च-एप्रिलला. सहावीपर्यंत ही पोरगी पण सोबतच जायची. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी भरायचं, आई फडातून यायच्या आत भाकरी थापून ठेवायच्या. शाळेच्या पटावर नाव होतं पण हजेरी अर्ध्या वर्षाचीच.

शालेय स्पर्धांचं वेळापत्रक यात कसं आडवं येतं ते बघा. तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरला, जिल्ह्याच्या त्यानंतर, विभाग नि राज्य होईपर्यंत दिवाळी येऊन जाते. म्हणजे तालुक्याला नंबर काढलेलं ऊसतोडीचं पोरगं वरच्या स्पर्धेच्या वेळी गावातच नसतं. यादीत नाव असतं, चेस्ट नंबर आलेला असतो, पोरगं मात्र फडात. आमच्याकडच्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा, अशी दोन-चार नावं त्याला तोंडपाठ असतात.

सातवीला तिच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं. नावात वसतिगृह आहे पण इमारत वगैरे काही नाही, पोरं झोपायला आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारचा पोषण आहार असतोच, आणि सगळं शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मुख्याध्यापक स्वतः तिच्या घरी गेले, आजी आधी तयारच होईना. तिचं म्हणणं, "गुर्जी, पोरगी मोठी व्हायली, माझ्यानं तिची राखण व्हईल का?" शेवटी चुलतीने जबाबदारी घेतली तेव्हा पोरगी राहिली. ती राहिली म्हणूनच पुढचं सगळं झालं. क्रीडा विभागाला ही योजना आपली वाटत नसेल पण माझ्या हिशोबाने बीड जिल्ह्यातली सगळ्यात मोठी खेळाची योजना हीच आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला पट शंभरच्या वर असेल तर कला, कार्यानुभव आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक द्यायचे असं लिहिलंय, पण वाडी-वस्तीकडच्या शाळांमध्ये तीन वर्गांत मिळून शंभर पोरं येणार कुठून, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे तो नियम लागूच होत नाही. गणिताचे सर होते, तरुणपणी खो-खो खेळलेले, त्यांनीच अंगावर घेतलं. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेमधून क्रीडा साहित्याला प्राथमिक शाळेला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत वर्षाला अनुदान आहे. या शाळेला १०,००० बसले, त्यात व्हॉलीबॉल, नेट, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, प्लास्टिकच्या बॅटी, कॅरम आला. बूट त्यात बसत नाहीत असं उत्तर मिळालं. पहिले दोन हंगाम ती अनवाणी पळाली.

मैदान म्हणाल तर शाळेच्या पुढची मोकळी जागा, त्यात २०० मीटरचा ट्रॅक मावतच नाही. सरांनी दोरी नि खुंटी घेऊन १०० मीटरचा गोल आखला, फक्की मारली, ६०० मीटर म्हणजे सहा फेऱ्या. एवढ्या लहान गोलात वळणं फार तीव्र असतात, आतल्या पायावर जोर येतो, म्हणून सर फेऱ्या एक दिवस उजवीकडून एक दिवस डावीकडून घ्यायचे. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, पोरं घोटा दुखतोय म्हणाली म्हणून त्यांनी डोकं लावलं. आणि ही पोरगी ओळखू आली ती अशीच, सगळ्या पोरी तिसऱ्या फेरीला ढिल्या पडायच्या, हिची चौथी, पाचवी नि सहावी फेरी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर जवळपास सारखीच यायची.

इथे एक अडचण आहे जी बाहेरच्यांना कळत नाही. १४ वर्षांखालच्या मुलींना शालेय स्पर्धेत सगळ्यात लांबची शर्यत ६०० मीटर. १५०० आणि ३००० येतात १७ वर्षांखालच्या गटात. म्हणजे जिचा दम लांबच्या शर्यतीचा आहे ती सातवी-आठवीत वेगाच्या शर्यतीत मागे पडते आणि यादीत वर येत नाही. हिचं तेच झालं, जिल्ह्याला पाचवी. एखादा जाणकार कोच तिथे उभा असता तर शेवटच्या शंभर मीटरमधलं तिचं पळणं बघून म्हणाला असता की हिला दोन वर्षं सांभाळा. तिथे पंच होते, शिक्षक होते, निकालाचे कागद होते, पण निवड करायच्या नजरेने बघणारं कोणी नव्हतं. त्याच काळात निवासी प्रशिक्षणाच्या एका चाचणीचं पत्र शाळेत पोचलं ते तारीख उलटून गेल्यावर.

आठवीत पोरीचा वेग कमी झाला. जिने तालुका जिंकला तिला दोन फेऱ्यांत धाप लागायची, चेहरा उतरलेला, वर्गात झोप. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत तपासणीला आली, त्यातल्या डॉक्टर मॅडमनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि लगेच ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. यात नवल नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के रक्ताक्षय निघाला होता. शाळेत आठवड्याला वाटतात त्या निळ्या गोळ्या ती टाळायची, पोटात मळमळतं म्हणून. मग मॅडमच्या सांगण्यावरून उपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या जेवणानंतर आणि चहापासून लांब घ्यायच्या हे आजीला समजावून सांगितलं, लिंबू पिळायचं सांगितलं. नोव्हेंबर २०२३ पासून पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, सर त्या दिवशी हजेरी बघायच्या आधी हिने अंडं खाल्लं का ते बघायचे. (तो अंड्याचा निधी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला, मला अजूनही त्याचा राग येतो.) तीन-चार महिन्यांत पोरगी परत आपल्या वेगावर आली. या सगळ्यात क्रीडा खात्याचा एक रुपया नाही, आणि खेळाडूच्या दृष्टीने ट्रॅकपेक्षा हे मोठं काम झालं.

नववीत खरी गाडी अडली. पोषण आहार आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृह सुद्धा आठवीपर्यंतच्याच पोरांचं. गावातली शाळाही आठवीपर्यंत. म्हणजे ज्या वर्षी ती १७ वर्षांखालच्या गटात जाऊन १५०० आणि ३००० पळायला पात्र झाली, नेमकं त्याच वर्षी तिच्या पायाखालच्या तिन्ही फळ्या एकदम निघाल्या. आईबापापुढे दोनच वाटा, सोबत फडात न्या नाहीतर लग्न लावून मोकळं व्हा. स्थळ आलं होतं. बाप वाईट नाही, त्याला भीती होती, पाच-सहा महिने पोरीला म्हातारीच्या भरवशावर ठेवायची भीती, आणि ती खोटी नाही. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या महिलांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात साधारण २२ टक्के निघालं, बीड जिल्ह्यात ४० च्या वर. हे आकडे ऊसतोडीशी किती बांधलेले आहेत ते आमच्याकडे कुणालाही विचारा. मुलींचं कोचिंग, टॅलेंट, पदक अशा गप्पा मारताना हे बाजूला ठेवून चालतच नाही, चौदाव्या-पंधराव्या वर्षी पोरगी मैदानातून गायब होते ती दमली म्हणून होत नाही.

वाट निघाली ती संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहामुळे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं करायचा निर्णय २०२१ ला झाला, त्यातली काही भाड्याच्या इमारतीत सुरू झालीत. तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात जागा होती. कागदं लागली त्यात मुख्य म्हणजे आईबापाचं ऊसतोड कामगार ओळखपत्र, ते ग्रामसेवक देतात, आणि इथे बरेच दिवस गेले कारण वडिलांचं आधारवरचं नाव नि रेशनकार्डवरचं नाव जुळत नव्हतं. ते जुळेपर्यंत बाप म्हणत राहिला की दसऱ्याच्या आत झालं तर ठीक. झालं. स्थळाला नकार कळवला.

वसतिगृहात गेल्यावर पुढचा प्रश्न, सकाळी पळायचं कसं. गेट सहाच्या आधी उघडायचं नाही असा नियम, मुलींच्या सुरक्षेसाठी आहे आणि बरोबरही आहे. पण आमच्याकडे मार्चपासून सातलाच ऊन चटका देतं आणि साडेसातला शाळेची तयारी. गृहपाल मॅडमशी बोललो, बापाचं संमतीपत्र घेतलं, फडातून फोनवर त्यांच्याशी बोलणं करून दिलं, आणि पोलीस भरतीच्या तयारीच्या दोन मोठ्या मुली रोज तिला गेटवरून नेतील नि गेटवर सोडतील असं लेखी ठरलं. मॅडमनी रजिस्टर ठेवलं, जाताना सही येताना सही. त्या सहीच्या पानावर हिचं सगळं कोचिंग उभं आहे असं मी म्हणेन. खेळाची योजना आखणाऱ्यांनी गेटच्या वेळेचा विचार केलेला मी तरी कुठल्या जीआरमध्ये वाचला नाही.

मैदान म्हणजे तालुका क्रीडा संकुल. राज्याची ही संकुल योजना २००३ ची, मार्च २०२२ मध्ये अनुदानाची मर्यादा तालुक्याला १ कोटीवरून ५ कोटी, जिल्ह्याला ८ वरून २५ कोटी आणि विभागाला २४ वरून ५० कोटी केली. पैसा वाढला हे चांगलंच झालं. या संकुलात कंपाउंड आहे, हॉल आहे, मुरमाचा ट्रॅक आहे, पावसाळ्यानंतर त्यावर गाजरगवत येतं आणि ते भरतीची पोरंच उपटतात. कोच नाही. तालुक्याचे क्रीडा अधिकारी आहेत, त्यांच्याकडे त्यावेळी शेजारच्या तालुक्याचाही चार्ज होता, स्पर्धांचं आयोजन, ऑनलाईन नोंदणी, क्रीडा गुणांचे प्रस्ताव यातच माणूस संपतो, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यात आज पहाटेच्या मैदानावर कोचिंग चालतं ते पोलीस भरतीचं. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० मार्क, त्यातले ८०० मीटरला २०. कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला बघा, पन्नास-शंभर पोरंपोरी पळतायत, एक भाऊ शिट्टी नि स्टॉपवॉच घेऊन उभा, महिन्याची फी. इथल्या भाऊंनी हिच्याकडून फी घेतली नाही, वर जुने बूट दिले. मोठं मन आहे. पण भरतीची तयारी आणि १५०० मीटरची तयारी यात फरक आहे. भरतीत एकच दिवस एकदाच जोर लावायचा असतो, म्हणून रोज टायमिंग, रोज फुल जोर. पंधराव्या वर्षाच्या पोरीला रोज असं पळवलं तर दोन-तीन महिन्यांत नडगी धरते, हिची धरली. पायाच्या पुढच्या हाडाच्या आतल्या बाजूला बोट दाबलं की ओरडायची. जवळ विचारायला लांब पल्ल्याचा कोच नाही, पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा घेतलेला धावण्याचा कोच तर आजूबाजूच्या तालुक्यांत आम्हाला सापडला नाही. मी माझ्या बी.पी.एड.च्या वह्या काढल्या, ओळखीच्या एका माजी सैनिकाला फोन करून विचारलं, आधी तीन आठवडे पळणं बंद, मग आठवड्यात दोनच दिवस जोराचं, बाकी दिवस बोलता बोलता पळता येईल एवढ्या वेगाने, मुरमाऐवजी तलावाच्या कडेच्या मऊ मातीवर. नडगी बरी झाली. पण मी धावण्याचा कोच नाही, आणि अशा पोरींचं भवितव्य माझ्यासारख्याच्या वहीवर अवलंबून राहू नये.

अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातलं मांडवा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) ८:११.२० वेळ देऊन रौप्य, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसला सुवर्ण आणि ५००० ला रौप्य, पॅरिस ऑलिम्पिकला अंतिम फेरी. प्रत्येक भाषणात त्याचं नाव येतं, आणि यायलाच पाहिजे, आमच्या पोरांच्या वहीच्या कव्हरवर त्याचा फोटो असतो. पण तो बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटला, आणि खरी तालीम, कोच, आहार, ट्रॅक हे सगळं त्याला सैन्याने दिलं. जिल्ह्याने त्याला दम दिला, डोंगर दिले. गावाकडच्या पोराला सैन्याची वाट आहे तरी, पंधरा वर्षांच्या पोरीला कुठली?

खेलो इंडियात पैसा आहे, ते पण सांगतो. ही केंद्र सरकारची योजना, निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६.२८ लाख, त्यातले महिन्याला १०,००० खिशाला. जिल्हा पातळीवरच्या खेलो इंडिया केंद्राला सुरुवातीला ५ लाख आणि मग दरवर्षी ५ लाख, आणि त्यात माजी विजेत्या खेळाडूला कोच म्हणून महिन्याला २५,०००. ही खेलो इंडिया केंद्राची कल्पना मला मनापासून पटते, कारण त्यात पैसा माणसावर खर्च होतो. अडचण एवढीच की केंद्र एका ठरलेल्या खेळाचं असतं आणि हिच्या मैदानापासून जवळ जे आहे ते धावण्याचं नाही.

आता साधा हिशोब मांडतो. महिन्याला २५,००० म्हणजे वर्षाला ३ लाख. बीड जिल्ह्यात ११ तालुके. प्रत्येक तालुक्याच्या संकुलावर धावण्याचा एक कोच मानधनावर ठेवला, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, तर अख्ख्या जिल्ह्याचा खर्च वर्षाला ३३ लाख. एका तालुका संकुलाच्या ५ कोटींत ११ तालुक्यांचे कोच पंधरा वर्षं चालतात. आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णाला राज्य सरकारने २०२३ मध्ये १ कोटी बक्षीस ठरवलं, खेळाडूला ते मिळालंच पाहिजे, कमी करा असं मी म्हणणार नाही, पण त्याच १ कोटीत तालुक्याचा कोच तेहतीस वर्षं राहतो, आणि पुढचा खेळाडू त्या तेहतीस वर्षांतूनच येणार आहे.

हाच हिशोब घालून जिल्हा नियोजन समितीकडे अर्ज केला, सोबत शाळांच्या सह्या, वसतिगृहाच्या रजिस्टरची झेरॉक्स. तोंडी उत्तर आलं की बांधकामाला, साहित्याला तरतूद करता येते, मानधनाला लेखाशीर्ष (खर्च टाकायचं सरकारी खातं) नाही. वर केंद्राकडे विचारलं तर खेळ हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय, राज्यात विचारलं तर जिल्ह्याने प्रस्ताव पाठवावा.

पोरीचं सांगायचं तर नववीत विभागाला १५०० मध्ये तिसरी आली, पुढे जाता आलं नाही. दहावीत ३००० ला विभागातून राज्यावर गेली आणि आठवी आली. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्ध तिकीट आहे म्हणून चुलती प्रत्येक स्पर्धेला सोबत जाऊ शकली, नाहीतर कोण जाणार होतं. राज्याच्या शर्यतीनंतर तिने मला विचारलं, "सर, पुढच्या पोरींनी पहिले दोन राऊंड असे संथ काढले, मग मीच का दमले?" शर्यतीचा डाव कसा टाकतात ते तिला कोणी दाखवलेलंच नव्हतं, तिच्या बरोबरीने पळणारी मुलगीच तिला आजपर्यंत मैदानावर मिळाली नव्हती.

दुसरा अर्ज तयार करतोय. यात तीन गोष्टी मागतोय: संकुलावर मानधनाचा कोच, हंगामी वसतिगृह आणि पोषण आहार दहावीपर्यंत, आणि वसतिगृहातल्या खेळाडू मुलींसाठी सकाळी गेट उघडायची लेखी सोय, सोबतीच्या नियमासकट. तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात नियोजन समितीच्या, नगरपरिषदेच्या किंवा कुठल्याही सरकारी पैशातून मैदानावर कोचचं मानधन मंजूर झालं असेल तर त्या आदेशाची प्रत मला हवीय, अर्जाला जोडायचीय, म्हणजे लेखाशीर्ष नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.